यंत्रमानव कामगाराची जागा घेईल का आणि त्याला जाणीव येईल का : हे प्रश्न दोन आहेत

सांधेजोड (धागाकर्ता) :

मी २४ वर्षे वेल्डिंगच्या कामात आहे आणि त्यांपैकी शेवटची ७ वर्षे मी स्वतः टॉर्च (धातू वितळवून सांधा जोडण्याचे हातातले साधन) धरण्याऐवजी टॉर्च धरणाऱ्या यंत्रमानवाला शिकवतो. कारखान्यात या कामाला 'शिकवणे' असेच म्हणतात. हातात एक नियंत्रक घ्यायचा, त्यावरची बटणे दाबत यंत्राचा हात एकेका बिंदूपाशी न्यायचा, तेथे टॉर्चचा कोन, वेग आणि करंट ठरवून तो बिंदू नोंदवायचा आणि पुढच्या बिंदूकडे सरकायचे. एका भागावरचे साठ-सत्तर बिंदू असे शिकवून झाले की तो हात तेच काम पाळीमागून पाळी करत राहतो. मी शिकवलेल्या पहिल्या यंत्राने सहा जणांचे काम घेतले. त्या सहांपैकी दोघांना वेल्डिंगही मीच शिकवले होते, त्यामुळे या विषयाकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही.

या विषयावरच्या चर्चेत दोन विधाने नेहमी ऐकू येतात. यंत्राला जाणीव नसल्यामुळे ते माणसाची जागा कधीच घेऊ शकणार नाही, असे काही जण म्हणतात; यंत्र आता इतके काही करू लागले आहे की त्याला लवकरच जाणीवही येईल, असे दुसरे काही जण म्हणतात. दोन्ही विधानांत काम आणि जाणीव यांची गाठ मारलेली आहे, आणि ती गाठच मला चुकीची वाटते. पहिला औद्योगिक यंत्रमानव 'युनिमेट' १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सी येथील कारखान्यात साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलण्यासाठी बसवला गेला. त्याच्याजवळ एका ड्रमवर नोंदवलेल्या हालचालींखेरीज काहीही नव्हते, आणि तरीही ते काम माणसांच्या हातून गेले. आज जगभरच्या कारखान्यांत ४० लाखांहून अधिक औद्योगिक यंत्रमानव काम करत आहेत. त्यांपैकी एकालाही आपण काम करत आहोत हे कळत असल्याचा पुरावा नाही.

मला जे सांगायचे आहे ते एका उदाहरणाने सांगतो. जोडायच्या दोन पत्र्यांमध्ये कधी फट कमी असते, कधी जास्त. अनुभवी वेल्डर ती डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनी ओळखतो. एकसारखा चरचरणारा आवाज मध्येच फुटतो आणि हात आपोआप मागे येऊन टॉर्च किंचित डोलवू लागतो. हे कसे केलेस, असे विचारले तर त्याला सांगता येत नाही. आम्हाला वाटे की हे यंत्राला कधीच जमणार नाही, आणि ते त्या यंत्राला खरोखरच जमले नाही. झाले ते वेगळेच. पत्रे लेझरने कापून येऊ लागले, भाग पकडणारी जिग अधिक काटेकोर केली गेली, आरेखनात सांध्याची जागा बदलली, आणि फटच पडेनाशी झाली. यंत्र वेल्डरसारखे झाले नाही. वेल्डरला जे येत होते त्याची गरज राहणार नाही अशी कामाची मांडणी झाली.

म्हणून माझा प्रश्न असा की, कामाची मांडणी बदलूनच जर माणसाची जागा घेतली जात असेल, तर जाणिवेचा प्रश्न आपण कामाच्या चर्चेत का आणतो? आणि तो स्वतंत्रपणे विचारायचा असेल, तर कशासाठी विचारायचा?

आलेख :

आपले फटीचे उदाहरण वाचून मी बराच वेळ थांबलो, कारण अर्थशास्त्रात हाच मुद्दा फार उशिरा आला. ऑटर, लेव्ही आणि मर्नेन यांनी २००३ मध्ये नोकरी हे एकक बाजूला ठेवून नोकरीतली कामे सुटी करून पाहिली आणि ठरावीक नियमांनी होणारी कामे संगणकाकडे जातात असे मांडले. एकक बदलले की उत्तर किती बदलते, ते पाहा. फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील ४७ टक्के नोकऱ्या मोठ्या धोक्यात असल्याचा अंदाज केला. त्यांनी व्यवसाय हे एकक धरले होते. २०१६ मध्ये आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात व्यवसायाच्या आतली कामे तपासली, तेव्हा तो आकडा सदस्य देशांसाठी सरासरी ९ टक्क्यांवर आला. या दोन आकड्यांपैकी सोयीचा आकडा उचलून भीती किंवा दिलासा देणारे लेख मी इतके वाचले आहेत की आता केवळ टक्केवारी देणाऱ्या लेखावर माझा विश्वास बसत नाही.

मला सर्वांत बोलके वाटते ते टेलिफोन ऑपरेटरांचे उदाहरण. ग्राहकाला ऑपरेटरविना स्वतःच जोडणी मिळवून देणाऱ्या यंत्राचे पेटंट अॅल्मन स्ट्रॉजर यांना १८९१ मध्ये मिळाले, पण त्याचा खरा प्रसार १९२० ते १९४० या काळात झाला. त्या वीस वर्षांत अमेरिकेतील निम्म्याहून अधिक टेलिफोन जाळे यांत्रिक झाले. तरुण स्त्रियांना रोजगार देणारे ते मोठे क्षेत्र होते. फायगेनबॉम आणि ग्रोस यांनी जनगणनेच्या नोंदी जुळवून या बदलाचा मागोवा घेतला आहे. ज्या शहरांत यंत्र आले तेथे पुढच्या पिढीतल्या तरुणींचा एकूण रोजगार घटला नाही. त्यांना टंकलेखन, सचिवाचे काम आणि अन्य सेवा यांत जागा मिळाल्या. ज्या स्त्रिया त्या वेळी खुर्चीवर बसून जोडण्या देत होत्या, त्या मात्र दहा वर्षांनंतर कमी पगाराच्या कामात किंवा कामाबाहेर असण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे 'नव्या नोकऱ्या निर्माण होतात' हे विधान खरे आहे आणि 'माझी नोकरी गेली ती परत आली नाही' हेही तितकेच खरे आहे. दोन्ही विधाने वेगवेगळ्या माणसांविषयी आहेत.

औद्योगिक क्रांतीतही असेच झाले. रॉबर्ट अॅलन यांनी दाखवले आहे की, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये दरडोई उत्पादन वाढत असताना कामगाराची खरी मजुरी जवळपास जागच्या जागी राहिली. ती पुढे वाढली, पण हातमागाच्या विणकराचे अख्खे आयुष्य त्या मधल्या काळात संपले. औद्योगिक यंत्रमानवांपुरते बोलायचे तर, अॅसेमोग्लू आणि रेस्ट्रेपो यांनी १९९० ते २००७ या काळातील अमेरिकेची आकडेवारी तपासली आहे. त्यांच्या अंदाजानुसार दर हजार कामगारांमागे एक यंत्रमानव वाढला की लोकसंख्येतील रोजगाराचे प्रमाण ०.२ टक्का बिंदूंनी आणि मजुरी सुमारे ०.४ टक्क्यांनी घटते. आकडा लहान दिसतो, पण ज्या भागात ते यंत्रमानव एकवटले आहेत त्या भागातील माणसांना तो लहान वाटत नाही.

पाऊलवाट :

आपण सगळे माणसाला नवे काम मिळेल असे गृहीत धरून बोलत आहात. घोड्यांचे काय झाले, ते विसरू नये. वासिली लिओन्टिएफ या अर्थतज्ज्ञाने हीच तुलना केली होती. रेल्वे आली तेव्हा घोड्यांची संख्या वाढत राहिली, कारण स्थानकापर्यंत माल पोचवायला तेच लागत, मोटार आणि ट्रॅक्टर आल्यावर मात्र घोड्याला कोणतेही नवे काम मिळाले नाही. आजवर मिळाले म्हणून यापुढेही मिळेल, हे अनुमान घोड्याने १९०० मध्ये केले असते तरी ते त्याला तर्कशुद्धच वाटले असते.

आलेख :

पाऊलवाट, तुलना जोरदार आहे, आणि तिच्यातला इशारा मी नाकारत नाही. पण घोड्याला मजुरी मिळत नव्हती, त्यामुळे तो काही विकतही घेत नव्हता. त्याला मताधिकार नव्हता, संघटना नव्हती आणि यंत्राच्या मालकीत वाटा मागण्याची सोय नव्हती. माणसाचे पुढे काय होईल हे बव्हंशी याच गोष्टींवर ठरते. त्या काढून घेतल्या तर आपली तुलना अचूक ठरेल, याची मला चिंता वाटते.

क्षकिरण :

मी क्ष-किरण निदानाच्या क्षेत्रात आहे. २०१६ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेतील संशोधक जेफ्री हिंटन यांनी जाहीरपणे म्हटले होते की, आता नवे रेडिऑलॉजिस्ट घडवणे थांबवावे, कारण पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. त्या वेळी शिकत असलेल्या अनेकांची झोप त्या विधानाने उडाली होती. प्रत्यक्षात आजही या तज्ज्ञांची अनेक देशांत टंचाई आहे. प्रतिमेतला डाग ओळखणे हा आमच्या कामाचा एक भाग आहे. जुन्या तपासण्यांशी ताडून पाहणे, कोणती तपासणी करावी आणि कोणती टाळावी हे सांगणे, शल्यचिकित्सकाशी बोलून शंका निस्तरणे आणि अहवालाखाली सही करून त्याची जबाबदारी घेणे हेही कामच आहे.

तरीही मी निश्चिंत नाही. स्वीडनमध्ये ८०,००० हून अधिक स्त्रियांच्या स्तनतपासणीवर चाचणी झाली. तेथे प्रत्येक प्रतिमा दोन तज्ज्ञांनी वाचण्याची पद्धत होती. संगणकाच्या मदतीने जोखीम ठरवून कमी जोखमीच्या प्रतिमा एकाच तज्ज्ञाकडे दिल्या, तेव्हा वाचनाचा भार ४४ टक्क्यांनी कमी झाला आणि कर्करोग ओळखण्याचे प्रमाण घटले नाही. हा लाभ खरा आहे आणि मी त्याचे स्वागत करतो. माझी काळजी वेगळी आहे. नवशिक्या डॉक्टरांची नजर हजारो सामान्य, निर्दोष प्रतिमा पाहून तयार होते. डाग कोणता हे कळण्यासाठी डाग नसलेले काय असते, हे आधी डोळ्यांत मुरावे लागते. नेमक्या त्याच प्रतिमा आता यंत्र बाजूला काढणार आहे. सांधेजोड यांनी सांगितलेला वेल्डरचा कान ज्या सरावातून आला तो सरावच नाहीसा झाला, तर यंत्र चुकल्यावर चूक ओळखणारा माणूस कोठून येणार? माझ्या मते नोकऱ्यांच्या संख्येइतकाच हा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर फार कमी बोलले जाते.

शुश्रूषा :

मी परिचारिका आहे आणि मला धागाकर्त्यांशी एका मुद्द्यावर असहमती नोंदवायची आहे. यंत्रमानव-संशोधक हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्ये लिहिले होते की, संगणकाला प्रौढांच्या बुद्धिमत्ता चाचण्यांत किंवा सोंगट्यांच्या खेळात प्रवीण करणे तुलनेने सोपे आहे, पण पाहणे आणि हालचाल करणे यांबाबत त्याला एका वर्षाच्या मुलाइतकेही कौशल्य देणे अवघड आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला कुशीवर वळवताना मला हे रोज पटते. सलाइनची नळी, टाके, दुखणारा खांदा, घाबरून ताठ झालेले शरीर, हे सगळे एकाच वेळी सांभाळायचे असते, आणि या रुग्णाला आपल्या जिगमध्ये बसवता येत नाही.

आपल्या मांडणीच्या मुद्द्यातही तथ्य आहे, हे मला मान्य करावे लागेल. हवा भरणारी आणि सोडणारी गादी आली, तेव्हा दाबामुळे होणाऱ्या जखमा टाळण्याच्या माझ्या कामाचा काही भाग तिने घेतलाच. पण वेदनेचे उदाहरण घ्या. वेदना किती आहे, असे विचारून रुग्णाकडून ० ते १० यांमधला आकडा घ्यायचा, ही आमची रोजची पद्धत आहे. तो आकडा यंत्रही विचारू शकते. मी मात्र आकडा ऐकताना त्याची बोटे पलंगाच्या कठड्यावर किती आवळली आहेत तेही पाहते, आणि पुष्कळदा 'तीन' सांगणाऱ्याला आठ असतात. बोटांचा दाब मोजणारे यंत्रही उद्या येईल, असे आपण म्हणाल. येऊ द्या. तरीही त्या क्षणी रुग्णाला काय हवे असते? आपल्याला दुखते आहे, हे दुसऱ्या कोणाला तरी कळले आहे, हेच त्याला हवे असते. हे कळणे हाच येथे कामाचा गाभा आहे, आणि म्हणून जाणिवेचा प्रश्न कामाच्या चर्चेबाहेर ठेवता येत नाही.

जपानमध्ये तयार झालेली 'पारो' नावाची सीलच्या पिल्लासारखी यंत्रे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना दिली जातात. कुरवाळले की ती आवाज करतात, मान वळवतात, आणि अनेक वृद्ध त्यांच्यामुळे शांत होतात. मला ते वाईट वाटत नाही. माणसाच्या भेटीची संख्या कमी करण्यासाठी ते वापरले गेले तर मात्र ती फसवणूक होईल, असे मी मानते.

अनुमान :

शुश्रूषा यांनी चर्चा योग्य ठिकाणी आणली आहे. एखाद्याला 'कळले आहे' हे आपण कशावरून ठरवतो? १९४९ मध्ये शल्यविशारद जेफ्री जेफरसन यांनी म्हटले होते की, यंत्राने केवळ चिन्हांच्या योगायोगाने न लिहिता स्वतःला जाणवलेल्या भावनांतून कविता लिहिल्याखेरीज ते मेंदूच्या बरोबरीचे मानता येणार नाही. गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांनी १९५० च्या निबंधात त्याला उत्तर दिले: ही कसोटी काटेकोरपणे लावली तर समोरच्या माणसाला जाणीव आहे हेही सिद्ध होणार नाही, इतर माणसे विचार करतात हे आपण सौजन्याने धरून चालतो. उत्तर बिनतोड आहे, पण ते जाणिवेविषयी काही सांगत नाही. ते आपल्या अज्ञानाविषयी सांगते. १९८० मध्ये तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी उलट बाजू मांडली. चिनी भाषा न येणारा माणूस एका खोलीत बसून नियमपुस्तकाच्या आधारे चिनी प्रश्नांना अचूक चिनी उत्तरे देत आहे, अशी कल्पना करा; बाहेरच्यांना वाटेल की त्याला चिनी समजते, प्रत्यक्षात त्याला एक अक्षरही समजत नाही.

आजच्या भाषा-प्रणालींनी यात एक नवी अडचण आणली आहे. त्या माणसांच्या अफाट लेखनावर घडवल्या गेल्या आहेत आणि त्या लेखनात दुःख, भीती, एकाकीपणा यांचे असंख्य उद्गार आहेत. त्यामुळे अशी प्रणाली 'मला भीती वाटते' म्हणाली, तर ते वाक्य तिच्या आतल्या अवस्थेचा पुरावा धरता येत नाही. ते आमच्याच बोलण्याचे प्रतिध्वनी असू शकते. आपल्या बाजूने तर आपण फार लवकर विश्वास ठेवतो. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' हा अगदी साधा संवाद-कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो वापरणाऱ्याचीच वाक्ये उलटवून प्रश्न विचारत असे. तो कसा तयार झाला हे महिनोन्महिने पाहिलेल्या त्यांच्या सचिवानेही संवाद सुरू झाल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले.

मग बोलण्यावर विसंबायचे नसेल, तर कशावर? मेंदूविज्ञानाकडे सर्वमान्य उत्तर अजून नाही. मेंदूतज्ज्ञ क्रिस्टोफ कोख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी १९९८ मध्ये पैज लावली होती की, जाणिवेमागची मेंदूतली यंत्रणा २५ वर्षांत स्पष्ट होईल. २०२३ मध्ये कोख यांनी हार मान्य केली. त्याच वर्षी १९ संशोधकांनी मिळून एक अहवाल लिहिला. त्यात जाणिवेच्या विविध सिद्धांतांवरून काही लक्षणे काढून तत्कालीन प्रणाली त्यांच्याशी ताडून पाहिल्या होत्या. त्या प्रणालींपैकी कोणतीही जाणीवयुक्त मानण्यास सबळ आधार नाही, पण अशी लक्षणे असलेली प्रणाली बांधण्यात उघड तांत्रिक अडथळाही दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला ही भूमिका प्रामाणिक वाटते.

येथे सांख्यदर्शनाचे स्मरण होते. आपण सहसा बुद्धी आणि चैतन्य एकाच बाजूला ठेवतो आणि जड पदार्थ दुसऱ्या बाजूला. सांख्यांनी रेघ दुसरीकडे ओढली. बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही त्यांच्या मते जड प्रकृतीचीच रूपे आहेत. चैतन्य केवळ पुरुषाचे, म्हणजे प्रकृतीहून वेगळ्या आत्मतत्त्वाचे. बुद्धी स्वतः अचेतन असून पुरुषाच्या सान्निध्याने सचेतन असल्यासारखी भासते, यासाठी सांख्यकारिकेत 'अचेतनं चेतनावदिव' असे शब्द आहेत. पुरुषाचे स्वतंत्र अस्तित्व मला मान्य नाही, पण निश्चय करणे, तुलना करणे आणि 'मी' म्हणणे हे सर्व जाणिवेवाचून घडू शकते, ही शक्यता इतक्या पूर्वी कोणी तरी स्वच्छपणे मांडली होती. धागाकर्त्यांची गाठ सोडवायला ती उपयोगी पडावी.

किण्व :

अनुमान यांनी सांख्य आणले, म्हणून चार्वाकांनाही बोलावले पाहिजे. किण्व (आंबवण्याचे द्रव्य) इत्यादी द्रव्ये एकत्र आली की कोणत्याही एका द्रव्यात नसलेली मादकता उत्पन्न होते, तसे पृथ्वी, जल, तेज आणि वायू या भूतांच्या विशिष्ट संयोगातून चैतन्य उत्पन्न होते, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य केले तर धातू आणि सिलिकॉन यांच्या संयोगातून ते का होऊ नये, हा प्रश्न उरतोच. अनिल सेठ यांच्यासारखे मेंदूवैज्ञानिक मात्र संयोगातील 'विशिष्ट' या शब्दावर जोर देतात, असे म्हणता येईल: त्यांच्या मते जाणीव ही आपले तापमान, रक्तदाब, भूक सतत सावरत जिवंत राहणाऱ्या शरीराशी निगडित आहे, आणि केवळ बुद्धिमत्ता वाढवत गेल्याने ती आपोआप उगवणार नाही. वेल्डिंगच्या यंत्राला बंद पडण्याची धास्ती नाही, कारण त्याला टिकवून धरायचे असे काही नाही. मला हे पटते, पण उद्या कोणी स्वतःला टिकवून धरणारे यंत्र मुद्दाम बांधले, तर हा युक्तिवाद मला आधार देणार नाही.

पाऊलवाट :

सांधेजोड, आपण एक गोष्ट सांगितली नाही. त्या सहा जणांचे पुढे काय झाले?

सांधेजोड (धागाकर्ता) :

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. शुश्रूषा यांचा आक्षेप मला मान्य आहे. समोरच्याची वेदना कळणे हाच ज्या कामाचा गाभा आहे, तेथे माझे विधान लागू पडत नाही. तरी एक भीती सांगून ठेवतो. आमच्याकडे फट नाहीशी केली गेली, तशी रुग्णालयात 'कळणे' हे कामाच्या व्याख्येतूनच वगळले जाऊ शकते. मग केवळ ० ते १० हा आकडा उरेल आणि तो यंत्राला उत्तम येईल.

जाणिवेचा प्रश्न कशासाठी विचारायचा, याचे उत्तर मला किण्व यांच्या शेवटच्या वाक्यात मिळाले. 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक यांनी १९२० मध्ये आपल्या नाटकात प्रथम वापरला. त्यांचे बंधू योसेफ यांनी तो सुचवला होता, आणि त्याचे मूळ असलेल्या चेक भाषेतील 'रोबोता' या शब्दाचा अर्थ वेठ असा आहे. आज आपण यंत्राला तिसऱ्या पाळीनंतर चौथी पाळी करायला लावतो, कारण त्याला काही वाटत नाही. काही वाटू शकेल असे यंत्र कोणी बांधले, तर त्याच दिवशी ती वेठबिगारी होईल. कामासाठी जाणिवेची गरज नाही, हे युनिमेटपासून आपण पाहत आलो आहोत. मग कामाच्या यंत्रात ती आणण्याचा प्रयत्न कोणी करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाऊलवाट, दोघे जिग बनवण्याच्या विभागात गेले आणि तेथे ते चांगले रमले. एक जण माझ्याबरोबर यंत्राला शिकवण्याचे काम करतो. दोघांनी दुसरीकडे हाताने वेल्डिंग करण्याचे काम धरले, पूर्वीपेक्षा कमी पगारावर. सहावे सर्वांत ज्येष्ठ होते. त्यांना पुन्हा काम मिळाले नाही. यंत्राला कोपऱ्यावरचा अवघड सांधा शिकवताना टॉर्चचा कोन मला काही केल्या जमत नव्हता, तेव्हा मी त्यांनाच बोलावले होते. त्यांनी तो सांधा तीनदा हाताने करून दाखवला, मी शेजारी उभा राहून त्यांच्या मनगटाचा कोन मापला आणि तोच यंत्रात भरला. त्या प्रोग्रामच्या नोंदीत क्रमांक, दिनांक आणि शिकवणारा म्हणून माझे नाव आहे. त्यांचे नाव तेथे घालावे, असे मी दोनदा लेखी कळवले; नोंदीत त्यासाठी रकाना नाही, असे उत्तर आले.